विहिरीवाचूनची बाग

फाल्गुन सरायला लागला की आमच्या सड्यावरचं, म्हणजे ह्या उघड्या कातळमाळावरचं, गवत आधी सोनेरी होतं, मग पांढुरकं. मग एके दिवशी कुणाच्या तरी विडीची ठिणगी पडते आणि सगळा सडा काळा होऊन जातो. दुपारी कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. सकाळी डोंगराकडून येणारा गार वारा नऊ वाजता थांबतो आणि समुद्राकडचा खारट, चिकट वारा सुरू होतो. रत्नागिरीत ह्या दिवसांत माणसं आंब्याविषयी बोलतात. मोहर किती टिकला, थ्रिप्सची कीड किती आली, पेटी कधी निघणार. मीही बोलते. पण आतून मला ह्या दिवसांत फक्त एकच गोष्ट आठवत असते, आणि ती आठवली की माझ्या कानामागची शीर उडायला लागते. आंब्याबरोबर दरवर्षी माझा रागही पिकतो.

ह्या वर्षीही तसंच झालं. परवा सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आले तर अंजनीच्या काळ्या फांद्यांना निळी फुलं चिकटली होती, शाई सांडावी तशी. दगडी गडग्याच्या कडेची धायटी लाल झाली होती. चाफ्यावर एक पान नाही, पण टोकाटोकाला फुलांचे झुबके. वैशाखापर्यंत हे असंच चालू राहील. रस्त्याने जाणारे पाहुणे थांबतात, फोटो काढतात आणि विचारतात, "मॅडम, एवढ्या उन्हात झाडांना पाणी कुठून आणता?"

"आणत नाही," मी सांगते.

त्यांना ते आवडतं. पर्यावरण वगैरे दोन शब्द बोलून ते आरे-वारेच्या किनाऱ्याकडे निघून जातात. ही बाग मी एका माणसाचा सूड घ्यायला केली, हे मी त्यांना सांगत नाही.

तो माणूस म्हणजे माझे मोठे दीर. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. खालचं रस्त्यालगतचं घर, माडा-पोफळींचं आगर आणि विहीर दादांकडे गेली. वरचा कातळ आणि त्यावरची पाच काजूची झाडं आमच्याकडे आली. माझे यजमान तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. भावासमोर आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नाही. "दादाने इतकी वर्षं आगर शिंपलंय, त्याचंच आहे ते," एवढंच ते म्हणाले. एकच गोष्ट तेवढी सगळ्या भावकीसमोर ठरली होती, विहीर दोघांची. ती कागदावर घ्यायची कुणाला गरज वाटली नाही.

आम्ही वर चिऱ्यांचं लहानसं घर बांधलं. विहिरीपासून काळा पाइप टाकून पाणी वर आणलं. माझं माहेर केळशीचं. तिथे थुंकलं तरी रुजतं अशा वाडीत मी वाढले. मला कातळ बघवत नव्हता. शाळेत शिकवून आले की मी पदर खोचून कामाला लागायची. खालून मातीच्या पाट्या वाहून आणल्या, जास्वंद लावली, मोगरा लावला, टीव्हीत बघून दारासमोर चार हात लॉनसुद्धा लावलं. आज लाज वाटते, पण लावलं होतं. पाइपाला तोंड लावून सकाळ-संध्याकाळ तासतासभर पाणी सोडायची. कातळ ते सगळं पिऊन टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड वासायचा.

त्या बागेत एक अनंत होता. आईच्या दारातल्या अनंताची फांदी मी आणून रुजवली होती. ज्या मार्गशीर्षात आई गेली, त्या मार्गशीर्षात तो माझ्या कमरेएवढा झाला होता. आईच्या मागे केळशीचं घर बंद झालं, भाऊ मुंबईला, तिथला अनंत कुणी तोडला की वाळला हेही मला कळलं नाही. म्हणजे आईच्या हातचं असं जगात जे काही जिवंत उरलं होतं, ते माझ्या अंगणात होतं. त्याला चैत्रात पहिल्यांदा कळ्या धरल्या. हिरव्या, पिळदार. मी त्या रोज मोजत होते.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आरे-वारेच्या रस्त्याला तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या वाढायला लागल्या होत्या. दादांनी घराला दोन खोल्या जोडल्या, बाहेर पाटी लावली आणि समोरच्या खळ्यात, जिथे पूर्वी सुपाऱ्या वाळत, तिथे लॉन लावलं. पाहुण्यांना बसायला हिरवळ हवी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्याच चैत्रात आम्ही पूर्णगडला एका लग्नाला गेलो, दोन दिवस राहिलो. परत आल्यावर मी नळ सोडला तर त्यातून नुसती हवा फुसफुसली.

मी पाइपाच्या कडेकडेने उतरत गेले. आमच्या शेवटच्या काजूखाली पाइप संपला होता. फुटला नव्हता, गंजला नव्हता. करवतीने कापला होता, काकडी कापावी तसा सरळ. खालच्या तोंडात चिंधी गुंडाळून लाकडाची खुंटी ठोकलेली.

दादा लॉनवर उभे होते. हातात रबरी नळी. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चार पाहुणे चहा पीत बसले होते.

"दादा, पाइप कोणी कापला?"

"मी कापला," ते म्हणाले. आडपडदा नाही, काही नाही. "लॉनला पाणी पुरत नाय."

"विहीर दोघांची आहे."

"कुठे लिहिलंय?"

"घरात प्यायला तरी पाणी..."

"पंचायतीचा नळ येतो की आठवड्यातून दोनदा. भरून ठेवा." मग त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांच्यासाठीच म्हणाले, "कातळावर राहायला गेलात ना? मग कातळासारखं राहायला शिका."

एक पाहुणा हसला. त्याला आमची काही माहिती नव्हती, विनोद म्हणून हसला असेल. पण ते हसू मला अजून ऐकू येतं. त्याचा चेहरा विसरले, हसू विसरले नाही.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. ते खिडकीतून समुद्राकडे बघत म्हणाले, "जाऊ दे गो. दादाच आहे." पुढे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, "मीठ कमी झालंय का आमटीत?"

झाडं एकदम मरत नाहीत. आधी लॉन गेलं, आठवड्यात. त्याचं मला काही वाटलं नाही. मग जास्वंदीने पानं टाकली. मग मोगरा. अनंताला मी सोडणार नव्हते. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, तोंड धुतलेलं पाणी, सगळं त्याच्या बुंध्याशी. शाळेतून पाण्याची बाटली भरून आणायची, मुलं बघायची नाहीत अशी. पण वैशाखातला कातळ खालून भाजतो. मी वरून घोट घोट पाजत होते आणि खाली तवा तापत होता. कळ्या आधी पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग काळ्या. एकही उमलली नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी मी फांदी वाकवली तर कडकन मोडली. आत हिरवा धागासुद्धा नव्हता.

आई गेली तेव्हा घरात माणसं होती, स्वयंपाक होता, रडायला सवड नव्हती. त्या सकाळी मी अनंताशेजारी बसून आईला रडले. आणि रडून झाल्यावर ठरवलं, ह्या माणसाच्या विहिरीचा थेंब मी पुन्हा घेणार नाही. एक दिवस हा माणूस रिकामं भांडं घेऊन कातळ चढून माझ्या दारात येईल, आणि तो दिवस बघायला मी जिवंत राहीन.

मी चांगली बाई आहे असं मला कधी वाटलं नाही, पण आपण किती वाईट होऊ शकतो हे मला त्या वैशाखात कळलं. एका दुपारी मी दुकानातून खडे मिठाची पिशवी आणली. दुपारचं जेवण करून सगळी वाडी पेंगुळलेली. कुत्रीसुद्धा पोफळींच्या सावलीत आडवी. मी आगराच्या बाजूने उतरले आणि लॉनच्या कडेला उभी राहिले. नुकतंच पाणी मारलेलं होतं. गवताच्या पात्यांवर थेंब होते आणि त्यात ऊन चमकत होतं. त्या थेंबांत मला अनंताच्या कळ्या दिसल्या. मी पिशवीची गाठ सोडली.

"कैऱ्यांना आणलंस होय मीठ?"

मागच्या दारात वहिनी उभ्या होत्या, दादांची बायको. सुपात आमसुलं वाळत घातलेली, हात कोपरापर्यंत लाल. त्या दोन पायऱ्या खाली आल्या.

"टाकलंस तर गवत जळेल, ते जळू दे मेलं. मलाच रोज शिंपावं लागतं. पण पाऊस पडला की ते मीठ विहिरीत उतरेल. ते पाणी मी पण पिते गो, सुनीता."

मी गाठ परत मारली. "कैऱ्यांनाच आणलंय," म्हटलं आणि घरी आले. खरोखरच लोणचं घातलं. ते तीन वर्षं टिकलं.

म्हणून मग दुसरा मार्ग धरावा लागला. कातळासारखं राहायला शिका म्हणाले ना, मी शिकायला बसले. गुरू मिळाली ती जनीमावशी. शेजारच्या वाडीतली, साठी उलटलेली, सगळा जन्म चिऱ्याच्या खाणीवर गेलेली. वैशाखाच्या अखेरीला ती आमच्या काजूंखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, मागायला आली. भातलावणीआधी जमीन भाजायला तो लागतो. माझी मेलेली बाग बघून तिने कपाळाला हात लावला.

"बाय, ही केळशीची झाडा हितं कशाला मारलंस?"

"मी नाही मारली. पाणी तोडलं."

"पाणी तोडला म्हणून मेली, म्हणजे ती तुझी नव्हतीच. पाण्याची होती." तिने पायाने कातळ चाचपला. "हा कोरडा नाय गो. पावसात ढोसतो नि दिवाळीपातुर आतल्या आत ठेवतो. कुठं ठेवतो ता बघायला हवा."

"कसं बघायचं?"

"पावसात घरात बसू नको."

त्या पावसाळ्यात मी एकही झाड लावलं नाही. छत्री घेऊन अंगणात फिरले. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे नुसतं पळून जातं, कुठे थांबतं. जिथे थांबेल तिथे दगड ठेवत गेले. शेजाऱ्यांना वाटलं पाण्यावाचून माझं डोकं फिरलं. पाऊस संपला, तेरडा आणि सीतेची आसवं कातळभर फुलून गेली, आणि मी ठेवलेल्या दगडांपाशी गवत महिनाभर जास्त हिरवं राहिलं. कुणी न लावता तिथल्या फटींत करवंद होतं, अंजनी होती, उक्षीची वेल होती. इतकी वर्षं मी त्यांना रान म्हणून कोयत्याने छाटत होते.

गडगा घालायला चिरे हवे होते. ते आम्ही आमच्याच कातळातून काढले, आणि चिरे निघाले तिथे खोलीएवढा खड्डा झाला. कौलांवरचं पाणी त्यात सोडायचं, ही माझी कल्पना. पहिल्या पावसात खड्डा तुडुंब भरला. मी दर संध्याकाळी काठावर जाऊन उभी राहत असे, खजिना बघावा तशी. पण जांभा दगड गळतो. दिवाळीला तळ दिसला. त्यात दोन बेडूक आणि माझा एक हरवलेला चमचा. खालून दादांचा निरोप आला, यजमानांबरोबर. हे बिचारे आले आणि चाचरत म्हणाले, "दादा विचारतोय, खड्ड्यात रानडुक्कर धरणार का म्हणून."

मी त्या खड्ड्यात उतरून बसले आणि दातओठ खाल्ले. हे शब्दशः. दाढ दुखायला लागली.

पुढच्या वर्षी खड्ड्याला जाड प्लास्टिकचं अस्तर लावलं, कडा मातीने दाबल्या, डास नकोत म्हणून मासे सोडले. उन्हाने पाणी उडू नये म्हणून वर झावळ्यांचे झाप घातले. खड्ड्याचं टाकं झालं. आमच्याकडे माड नाही. एका सकाळी गडग्यापाशी विणलेल्या झापांची चळत ठेवलेली होती. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही. वरच्या झापाला आमसुलाचा लाल डाग होता.

मग एकेक गोष्ट होत गेली. न्हाणीचं पाणी खडीतून गाळून केळी आणि अळवाकडे वळवलं. जिथे लॉन होतं तिथे जांभ्याचे तुकडे पसरले आणि कडेने कोरफड, सदाफुली. प्रत्येक नव्या झाडाशेजारी एक कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. आठवड्यातून एकदा ते भरायचं, झाकण ठेवायचं. मडकं आपलं हळूहळू पाझरतं आणि मुळं त्याला लहान मूल आईला बिलगावं तशी बिलगतात. बुंध्याशी वीतभर पातेरा. दोन-तीन उन्हाळे असं सांभाळलं की झाडाची मुळं फटीत उतरतात आणि मग ते आपल्याकडे काही मागत नाही.

लोक म्हणतात, बाग प्रेमाने फुलते. माझ्या बागेतलं एकेक मडकं मी दादांचं नाव घेऊन पुरलं आहे. माझा राग पाच वाजता उठायचा, माझ्याआधी, आणि मला हाताला धरून अंगणात न्यायचा. प्रेमाने मी एवढं राबले असते की नाही, शंकाच आहे. झाडांनी कधी चौकशी केली नाही की बाई, तू आम्हाला कुठल्या भावनेने लावतेस.

त्याची किंमत मात्र दिली. घराण्याचा गणपती खालच्या घरी, दादांकडे. आठ वर्षं मी तिथे पाऊल ठेवलं नाही. हे एकटे जात, आरती करून येत, द्रोणात प्रसाद आणत आणि ओट्यावर ठेवत. खालून टाळ वाजायचे ते वर स्वच्छ ऐकू येत. मी झाडांचा पाला सावरत बसलेली असे. यजमानांचे केस त्या आठ वर्षांत पांढरे झाले, आणि मधल्या मधे चेंगरलेल्या माणसाचं हसू त्यांच्या तोंडावर कायमचं बसलं. ते मी बघत होते. तरी गेले नाही.

खाली लॉन वाढत होतं. खोल्या दोनाच्या पाच झाल्या. विहिरीवर मोठा पंप आला. चैत्र-वैशाखात तो दिवसभर घुमायचा आणि मी त्याचा आवाज ऐकत मनात म्हणायची, ओढा, अजून ओढा. समुद्र इथून हाकेवर आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरीतलं गोडं पाणी एवढं उपसलं की त्या रिकाम्या जागेत खारं पाणी सरकतं, हे शाळेत मी मुलांना शिकवलेलं होतं. दादांना जाऊन सांगू शकले असते. सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात एका सकाळी वहिनी कातळ चढून आल्या. धापा टाकत गडग्यावर टेकल्या. हातात रिकामा हंडा. मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला, पण त्यात माणूस चुकीचा होता.

"विहीर मचूळ झाली," त्या म्हणाल्या. "चहा नासतोय. पाहुण्याच्या पोराने गुळणी टाकली काल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सुनीता, खरं सांग हां. तू नाही ना गो?"

मला अपमान वाटला आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, गुदगुल्याही झाल्या. "नाही," मी म्हटलं. "एवढी विहीर खारट करायला किती मीठ लागेल? समुद्र आलाय तो. पंपाने ओढून आणलाय."

"पण तुला वाटत होतं."

"हो. रोज."

"ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि हंडा पुढे केला. "भर."

मी भरला. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून आम्ही पीत होतो. दुसरा हंडाही दिला. रोज दोन हंडे, प्यायला आणि रांधायला. एक अट घातली, त्यातला थेंबही लॉनवर जाता नये. वहिनी हसल्या. "जाईल कसा? मी वाहून नेणार आणि त्या गवताला घालणार?"

दादा आले ते वैशाखाच्या सुरुवातीला. भांडं आणलं नव्हतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी बाग पाहिली. पहिल्यांदाच. करवंदाच्या जाळीशी थांबले, झाप उचलून टाक्यात डोकावले, मडक्याचं झाकण काढून आत बोट बुडवलं. लॉन तोवर मचूळ पाण्याने पिवळं पडलं होतं आणि पाहुणे कमी झाले होते, ते मला वरून दिसतच होतं.

"विहिरीला विश्रांती द्यायला हवी म्हणतात," ते म्हणाले. "दोन-तीन पावसाळे. पंप बंद." त्यांनी मडक्यावर झाकण परत ठेवलं. "माझं अंगण असं करून देशील?"

यजमान दारात आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आठ वर्षांची आशा गोळा झाली होती. त्यांच्याकडे न बघता मी म्हटलं, "देईन. पण आधी लॉन काढायला लागेल."

"गडी लावतो उद्या."

"गडी नको. तुम्ही काढायचं, दादा. तुमच्या हाताने. सगळं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "माझं वय काय आहे माहीत आहे ना तुला?"

"पाइप कापलात तेव्हा साठ होतं."

ते तसेच उतरून गेले. आठ दिवस काही नाही. वहिनी हंडा न्यायला येत, मी काही विचारत नसे, त्या काही सांगत नसत. नवव्या दिवशी हंडा भरून घेताना म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. फावडं धार लावून आणलंय."

आता खालचं अंगणही माझ्या अंगणासारखं झालं आहे. विहीर अजून पुरती गोडी झालेली नाही, पण गुळणी टाकावी लागत नाही. पाहुणे पुन्हा येतात, आणि परवाच वरून ऐकलं, दादा त्यांना सांगत होते, "कातळाची झाडं लावली मुद्दाम. माझीच कल्पना. पाणी लागत नाय." यजमान माझ्याकडे धास्तावून बघायला लागले. म्हणू देत. मला त्या वैशाखातली ती सकाळ पुरते, आणि हे दिवस आले की मी ती पुन्हा पहिल्यापासून काढून बघते.

मी आठ वाजता खाली गेले होते. लॉनच्या कडेला, पाहुण्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दादा बनियन घालून, डोक्याला पंचा बांधून उभे होते. फावडं मारलं तर ते उडून आलं. लॉनची मुळं चटईसारखी विणलेली असतात. ती खालून कापायची, गुंडाळायची, ओढायची. पहिल्या अर्ध्या तासात त्यांच्या हाताला फोड आले. ऊन पोफळींवरून खाली उतरलं. यजमान आले आणि दुसरं फावडं उचलायला वाकले.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

ते बसले. माझ्याकडे असं बघत होते की जणू ही बाई त्यांनी आधी पाहिलेलीच नव्हती.

वहिनींनी कोकमाचं सरबत आणलं. माझ्यापुढे धरलं, ह्यांना दिलं, आणि तिसरा पेला ओसरीच्या कठड्यावर ठेवला. दादांनी एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा वाकले. पाठमोरे ते हुबेहूब ह्यांच्यासारखे दिसतात. तीच वाकलेली मान, पाठीवरचा तोच तीळ. मला क्षणभर गलबललं. मी पेला तोंडाला लावला आणि नजर फावड्यावर ठेवली.

साडेअकराला ते ताठ झाले. अंगणभर लाल माती उघडी पडली होती. गवताच्या गुंडाळ्या कुंपणाशी रचलेल्या. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम मातीत पडत होता. मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून काय ऐकायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते काही त्यांनी म्हटलं नाही. फावड्यावर भार देऊन माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"झालं समाधान?"

मी खरंच आत डोकावून बघितलं. पुस्तकांत अशा वेळी माणसाचा राग ओसरतो, डोळे भरून येतात, कुणीतरी पाया पडतं. माझे डोळे कोरडे होते. राग थोडा निवला होता, चुलीतला निखारा राखेखाली जातो तेवढा. हात धरला तर ऊब लागत होती.

"नाही," मी म्हटलं. "तो विहिरीकडचा कोपरा राहिलाय अजून."

दादांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पंचाने तोंड पुसलं आणि फावडं घेऊन तिकडे चालायला लागले.